हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आमच्या बँकेत माणसं आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला येतात. एरवी अकरा महिने त्यांच्या जिवंत असण्याबद्दल सरकारला शंका नसते. नोव्हेंबर उजाडला की मात्र ती एकदम बळावते. मग काठी टेकत, नातवाचा हात धरत, कानाला यंत्र लावून, सगळा पेन्शनर वर्ग काउंटरपुढे रांग लावतो. ज्याला या रांगेत दोन तास उभं राहता येतं तो जिवंत असलाच पाहिजे, एवढं साधं अनुमान मी कॉमर्स ग्रॅज्युएट असूनही काढू शकतो. पण सरकारला ते पुरत नाही.

या रांगेत तात्या पहिल्यांदा आले ते २०१६ साली. खरं म्हणजे तात्यांचं आणि बँकेचं काही देणंघेणं नव्हतं. ते पोस्टमन. १९६८ साली नोकरीला लागले, २००१ साली वयाच्या साठाव्या वर्षी सुटले आणि पेन्शन पोस्टातूनच घ्यायचे. हयातीचा दाखलाही तिथेच व्हायचा. तात्या पोस्टात शिरत, मास्तर विचारत, "काय तात्या, हयात?" तात्या म्हणत, "सध्या तरी." झाला दाखला! पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने 'जीवन प्रमाण' नावाचा प्रकार काढला. आता यंत्रावर बोट ठेवायचं, यंत्र दिल्लीला विचारणार आणि दिल्ली सांगणार की हा माणूस हयात आहे. पोस्टातलं यंत्र त्या वर्षी आजारी होतं, म्हणून मास्तरांनी तात्यांना आमच्या बँकेत पाठवलं. पत्ता चुकलेलं टपाल दुसऱ्या गावाला जावं तसे तात्या माझ्या काउंटरपुढे येऊन पडले.

"बोट दे म्हणालास? घे," म्हणून त्यांनी उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. तर्जनी, मधलं, अनामिका... तात्या एकेक बोट काढत होते आणि यंत्र एकेक बोट नाकारत होतं. रांगेतल्या मंडळींना फुकटचा खेळ मिळाला. कोणी म्हणालं, बोट पुसा. कोणी म्हणालं, खोबरेल लावा. तात्यांनी पायाचा अंगठा चालेल का विचारलं. शेवटी डाव्या हाताची करंगळी यंत्राला पसंत पडली आणि तात्या त्या वर्षापुरते जिवंत ठरले.

मी त्यांचे हात उलटे करून पाहिले. दोन्ही हातांच्या बोटांवर आडव्या चिरा. जुन्या, नव्या, एकावर एक, एखाद्या लेजरमध्ये खाडाखोड करावी तशा. मूळ रेषा कुठल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. या चिरा कसल्या ते मला विचारायची गरज नव्हती. त्या तंगुसाच्या होत्या.

तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी. तिच्या टोकाला गरी, गरीला जिवंत चिंगूळ आणि थोडं वर शिसाची गोळी. काठी नाही, चाक नाही. दगडावर बसायचं, गरी पाण्यात भिरकवायची आणि तंगूस तर्जनीवर घेऊन गप्प राहायचं. याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. शहरातले लोक मासेमारी म्हणतात तो शब्द चुकीचा आहे. मासेमारीत मासा मरतो. गरवण्यात बहुतेक वेळा चिंगूळ मरतं. तात्या म्हणत, तंगुसातून मासा बोलतो. बोय नुसती चाटून जाते. शेंगटी हिसका मारते आणि वर काढली की काटा मारते. काळुंदर आमिष कुरतडून गरी तेवढी साभार परत पाठवते. तांबोशी मात्र काही बोलतच नाही, एकदम पळते, आणि ती पळाली की तंगूस बोटातून असा सरकतो की माणसाला बोट आहे की नाही हे मागाहून बघावं लागतं.

आमचं गाव शास्त्री नदीच्या खाडीवर. ही नदी सह्याद्रीतून उतरते, संगमेश्वराला सोनवीला भेटते आणि पुढे जयगडाला समुद्राला मिळते. मधल्या पट्ट्यात तिला स्वतःचं मत नसतं. समुद्र सहा तास आत ढकलतो, सहा तास बाहेर ओढतो. तात्यांच्या बीटातल्या अर्ध्या वाड्या अलीकडच्या तीरावर आणि अर्ध्या पलीकडे. मध्ये तर. तरवाला भरती-ओहोटी बघून आणि चार उतारू जमले की निघायचा. म्हणजे पोस्टमनने रोज तास-दीड तास धक्क्यावर बसणं हे त्याच्या कामाचा भागच होता. त्या तास-दीड तासात माणसाने काय करावं यावर पोस्टाच्या नियमावलीत काही लिहिलेलं नाही. तात्यांनी ती जागा भरून काढली. उजव्या खांद्यावर टपालाची खाकी झोळी, डाव्या खांद्यावर गरीची कापडी पिशवी. दोन्ही पिशव्यांचा एकमेकींना स्पर्श होऊ द्यायचा नाही, असा त्यांचा सोवळ्यासारखा दंडक होता. तो नेहमी पाळला जात होता असं मात्र नाही. आमच्या गावात एकाला आलेल्या लग्नपत्रिकेला चिंगळाचा वास होता. त्यामुळे मुलीकडची माणसं कोळी आहेत असा समज होऊन बराच घोळ झाला होता.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आमच्याच जिल्ह्यातले आणि संस्कृतचे पंडित, याचा तात्यांना फार अभिमान. एवढा, की त्यांनी खाडीच्या काठच्या गरवायच्या सगळ्या दगडांना पिनकोड देऊन टाकले. "आज सहा-चौदावर काय नाय, सहा-सतरावर जा," असं ते मला सांगत. मी त्यांचा चिंगळं धरून देणारा पोऱ्या होतो. वय वर्षं दहा. या पिनकोडांची यादी कुठे लिहिलेली नाही. निम्मे मला पाठ आहेत. बाकीचे तात्यांबरोबर गेले.

मला गणित शिकवलं तेही तात्यांनी. शाळेत पाऊणकी पाठ होईना म्हणून गुरुजींनी हात टेकले होते. तात्या म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते." चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा. आठ दिवसांत मला पाऊणकी आली. पुढे कॉमर्सला गेल्यावर चक्रवाढ व्याज, घसारा, काय काय शिकवलं. पण ज्या हिशेबाचं उत्तर खरोखर पाणी वर चढून आपल्या पायाला लागतं असा हिशेब मला पुन्हा भेटला नाही.

तात्यांची काही ठाम मतं होती. पहिल्या पावसात वहाळांना पाणी आलं की मासे चढणीला लागतात आणि सारा गाव कंदील नि कोयत्या घेऊन त्यांच्यामागे धावतो. तात्या घरी बसत. म्हणत, "चडनीचा मासा धरायचा म्हंजे पोस्टाच्या दारात आलेल्या मानसाला पत्र द्यायचं. त्यात पोस्टमननं काय क्येलं?" एकदा मी कंटाळून विचारलं, "तात्या, मासा का लागत नाही?" तर म्हणाले, "आरे, मासा काय पत्र हाय काय, पत्ता लिवलेला?"

एकदा त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली. अमुक गावचा पोस्टमन सरकारी वेळेत मासे गरवतो, असं रत्नागिरीच्या अधीक्षकांना कोणीतरी निनावी कळवलं. कळवणाऱ्याने पैसे वाचवायला पोस्टकार्ड वापरलं आणि ते गावातल्या पेटीत टाकलं. पेटी उघडणार तात्या! त्यांनी कार्ड वाचलं. निनावी पत्र ओळखणं हे त्यांच्यासाठी काहीच अवघड नव्हतं. साऱ्या पंचक्रोशीचं अक्षर त्यांना पाठ. दुसरा एखादा असता तर ते कार्ड भरतीला मिळालं असतं. तात्यांनी त्यावर शिक्का उमटवला आणि रवाना केलं. "टपाल ते टपाल," एवढंच म्हणाले. महिन्याभराने चौकशीला इन्स्पेक्टर आले. त्यांना पलीकडच्या वाड्यांत जबाब घ्यायचे होते. तर लागली नव्हती. तासभर धक्क्यावर उभे राहिल्यावर इन्स्पेक्टरांनी तात्यांकडे बघून विचारलं, "दुसरी गरी आहे का?" अहवालात काय लिहिलं गेलं ते माहीत नाही, पण त्या संध्याकाळी इन्स्पेक्टरांच्या जीपमधून दोन पालू रत्नागिरीला गेले हे पाहणारे लोक आहेत. आणि तक्रार करणाऱ्या गृहस्थांना तात्या पुढेही वीस वर्षं टपाल वेळेवर पोचवत राहिले. त्यामुळे ते गृहस्थ जास्त खंगले.

आता एक गोष्ट सांगतो. ती मला आईकडून कळली, कारण तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्या काळी कोकण मनीऑर्डरीवर जगायचं, आणि माझे वडील मुंबईला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि हळूहळू आमच्या वाडीच्या मनीऑर्डरी बंद झाल्या. मनीऑर्डर येणार नाही हे घरातल्या बाईच्या आधी कोणाला कळत असेल तर पोस्टमनला. महिन्याच्या दहा-बारा तारखेला बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. तात्यांना रस्ता बदलून जाता आला असता. पण आमचं घर वाटेवरच पडतं. एके दिवशी ते आमच्या अंगणात आले, झोळी तपासल्यासारखं केलं आणि दुसऱ्या पिशवीतून केवड्याच्या पानात गुंडाळलेली काळुंदरं काढून ओटीवर ठेवली. आईला म्हणाले, "मनीआर्डर वाटेत हाय. तवर ह्ये घ्या. सही नको." दुसऱ्या महिन्यात पुन्हा "वाटेत हाय." ती मनीऑर्डर दीड वर्ष वाटेत होती. वाडीतल्या अकरा घरांत हा प्रकार चालायचा, असं आई सांगते. अकरा घरांना पुरतील एवढे मासे रोज कोणाला मिळतात? तात्या पहाटे तीनला उठून गरवत आणि मग ड्यूटीवर जात. मला वाटायचं, तात्यांना मासे गरवायची केवढी हौस! हौस होतीच. पण त्या दीड वर्षात ती फार वाढली होती.

बँकेची नोकरी मिळाली तीही तात्यांच्या पिशवीतून. २००० साली बी.कॉम. होऊन मी घरी बसलो होतो, म्हणजे सहा-सतरावर बसलो होतो. तोंडी परीक्षेचं बोलावणं रजिस्टर टपालाने आलं. पत्त्यावर घर लिहिलेलं, पण तात्या घरी गेलेच नाहीत. सरळ दगडावर आले. "सही कर." माझे हात चिंगळांचे. सही झाली, पाकीट फोडलं, पत्र वाचता वाचता हातातून तंगूस सुटला आणि त्या आनंदात तात्यांची सगळ्यात चांगली गरी खाडीत गेली. मुलाखतीच्या दिवशी पत्र दाखवलं तेव्हा मधल्या साहेबांनी ते नाकापाशी नेलं आणि विचारलं, "खाडीकडचे का?" पुढची दहा मिनिटं तांबोशी कालवणाला चांगली की तळायला यावर गेली. रिझर्व्ह बँकेची कार्यं मी रात्रभर घोकली होती, ती तशीच राहिली. निवड झाली. बातमी सांगायला गेलो तर तात्या म्हणाले, "गरीचे पैशे पहिल्या पगारात." मी दिले. त्यांनी रीतसर मोजून घेतले.

तर, अशा माणसाच्या हयातीचा प्रश्न माझ्या काउंटरवर आला होता.

२०१७ साली करंगळी चालेना, डावी अनामिका चालली. निवृत्तीनंतर तात्या दिवसभर गरवत, दोन्ही हातांनी. दर वर्षी एकेक बोट सरकारजमा होत होतं. माझ्या डोक्यात गणित होतंच: दहा बोटं, वर्षाला एक घसारा... पण घसारा सरळ रेषेत चालत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात दहाही बोटांना लाल दिवा लागला. तात्या हसले. म्हणाले, "तेहतीस वर्सं मी लोकांचे आंगठे घेतले. शाई लावून, दाबून. येक पन आंगठा नाय म्हनाला नाय."

आता कागदी दाखल्याची सोय तेव्हाही होती आणि आजही आहे. फॉर्मवर बँकेच्या अधिकाऱ्याने सही करायची, झालं. मी फॉर्म घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब फोनवर होते. फोन संपल्यावर त्यांनी फॉर्म बघितला आणि म्हणाले, "हे आपले पेन्शनर नाहीत ना? मग आपण कशाला? त्यांना पोस्टात जायला सांगा." मी "बरं साहेब" म्हणालो.

हे "बरं साहेब" मला अजून झोपू देत नाही. मी म्हणू शकलो असतो, "साहेब, मी यांना चाळीस वर्षं ओळखतो." मी म्हणू शकलो असतो, "साहेब, मी यांच्या माशांवर वाढलोय." पण त्या आठवड्यात माझ्या बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता आणि बँकेत अठरा वर्षं काढल्यावर माणसाच्या तोंडातून "बरं साहेब" हे आपोआप निघतं. तात्या बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं, पोस्टात करून घ्या. ते म्हणाले, "बरं." आणि भरतीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

पोस्टात तेव्हा नवे मास्तर आले होते. त्यांनी सांगितलं की आता सगळं यंत्रावर, बँकेत जा. तात्यांनी हे मला कळवलं नाही. एका माणसाकडे दोनदा जायचं नाही, हा पोस्टमनचा नियम नसतो. रजिस्टर टपाल तर तो पुन्हा पुन्हा न्यायचा. पण स्वतःच्या कामासाठी तो त्यांनी लावला होता.

पेन्शन बंद झाली. मला कळलं मार्चमध्ये, तेही बाजारात काकी मासे विकताना दिसल्या तेव्हा. पाटीत सहा काळुंदरं आणि एक लहानशी तांबोशी. तात्यांनी आयुष्यात मासा विकला नव्हता. वाटला होता, खाल्ला होता, फार तर इन्स्पेक्टरांना दिला होता. मी विचारलं, "काकी, हे काय?" त्या म्हणाल्या, "मनीआर्डर वाटेत हाय ना, तवर."

मी तिथून सरळ बँकेत गेलो. त्या दिवशी माझी रजा होती. साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता खुर्चीवर बसलो, हे आमच्या शाखेच्या इतिहासात बहुधा पहिलंच. आणि सगळं सांगितलं. संप, अकरा घरं, सही नको, सहा-सतरा. साहेब ऐकत होते. मग त्यांनी फॉर्म मागितला, अर्ध्या मिनिटात सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "अहो, हे तेव्हाच का नाही बोललात? मला वाटलं, कोणी आलाय परस्पर." मी निघालो तर म्हणाले, "आणि तुमचा बदलीचा अर्ज मी डिसेंबरातच वर पाठवलाय. नामंजूर होऊन आला. ड्रॉवरमध्ये बघा."

एप्रिलात थकबाकीसकट पेन्शन सुरू झाली. मी तात्यांकडे गेलो, माफी मागायचं भाषण वाटेत पाठ केलं होतं. ते पडवीत गऱ्या घासत बसले होते. मी सुरुवात करायच्या आत म्हणाले, "बरा आलास. चिंगळं धरून दे." मी चिंगळं धरून दिली. भाषण राहून गेलं. तिथीप्रमाणे भरती तोंडावर आली होती, आणि भरतीच्या तोंडाला बोललेलं त्यांना चालत नसे.

पुढे २०२० पासून पोस्टमनच मोबाइल घेऊन घरी येऊन दाखला करू लागले. तात्यांच्या बीटावरचा नवा पोस्टमन त्यांच्याकडे यायचा. तात्या त्याला आधी बीटाबद्दल प्रश्न विचारत आणि उत्तरं बरोबर आली तरच बोटं पुढे करत. बोटं काही चालली नाहीत, कागदावर भागवलं. मग २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस चेहऱ्यावरून ओळखायची सोय निघाली. २०२२ साली मीच माझ्या फोनवर ते केलं. फोन म्हणाला, डोळे मिटा आणि उघडा. तात्यांनी मिटले. उघडीनात. मी घाबरलो. काकीही पडवीत आल्या. मग एक डोळा किलकिला करून विचारलं, "झाला काय?" हिरवी खूण आली. तात्या म्हणाले, "बगितलंस? दिल्लीला पन टायमाला पोचलो."

२०२३ च्या पावसाळ्यात ते गेले. ब्याऐंशीव्या वर्षी, घरी, झोपेत. काही लोकांनी मागाहून खाडीवर गरवता गरवता गेले असं पसरवलं. ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. त्या रात्री उधाण होतं आणि उधाणाला ते जात नसत.

काकींना फॅमिली पेन्शन सुरू करून देताना मी सगळे कागद केले. एक राहिला. तात्यांच्या दाखल्याला मोबाइल नंबर माझा जोडलेला होता. त्यांच्याकडे फोन नव्हता. नोव्हेंबरात एक दिवस काउंटरवर असताना खिशात फोन वाजला. आदरणीय पेन्शनर, आपला हयातीचा दाखला अद्याप प्राप्त झालेला नाही, कृपया लवकरात लवकर सादर करावा.

समोर रांग होती. मी कॅलेंडरकडे बघितलं. अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला पूर्ण भरती, बँक सुटते साडेपाचला. अष्टमीचा भांग, पाणी मंद, मासा लागायचा नाही हे ठाऊक होतं. तरी बाजारातून पाच रुपयांची चिंगळं मागितली. बाईने हसून दिली, पाच रुपयांना आता काही मिळत नाही. सहा-सतरावर जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत चार चिंगळं कोणीतरी खाऊन गेलं. काळुंदर असावी.